दुमडलेला कोपरा

"एक अक्षर इकडचं तिकडं झालेलं नाही, काका. मग माणसं खाती का बंद करतायत?"

अद्वैत कारखानीस भिकाजीकाकांच्या ओट्यावर बसले होते. गावच्या सहकारी बँकेचं सगळं काम कॉम्प्युटरवर न्यायला ते मुंबईहून आले होते. महिनाभरात जुनी, म्हातारी माणसं एकेक करून बँक सोडून चालली होती. हे थांबलं नाही तर नवं काम गुंडाळा, असं अध्यक्षांनी बजावलं होतं.

भिकाजीकाकांनी त्या बँकेत बत्तीस वर्षं सह्यांची कार्डं सांभाळली होती. आता दिसत फारसं नव्हतं. भिजवलेले वाल ते बोटांच्या अंदाजानं सोलत होते.

कारखानिसांनी सोबत आणलेला कार्डांचा लाकडी खण पुढे सरकवला. काकांनी तो आधी नाकाशी नेला. डांबरगोळ्यांचा वास अजून होता.

"सकाळी दहाला हा उघडला, की..."

त्यांनी खण मांडीवर घेतला.

प्रत्येक कार्डाचा फोटो मशीनमध्ये आहे, कारखानीस अभिमानानं सांगू लागले. कितीतरी कार्डांचे कोपरे दुमडलेले होते, मशीनमध्ये अडकायचे. सगळ्यांवर इस्त्री फिरवून घेतली.

काकांचे हात थांबले.

"इस्त्री..."

त्यांनी एक कार्ड उचललं. कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. मग कोपरा हळूच पुन्हा दुमडला.

"नाव वाचा, साहेब."

"चांगुणाबाई नाखवा."

"कोळीवाड्यातली. तिला वाचता येत नाही. चारचौघांत ते कळलेलं तिला खपत नाही. अशांच्या कार्डाचा कोपरा आम्ही दुमडून ठेवायचो. तो दिसला की स्लिप तिला ऐकू जाईल अशी वाचायचो... आपल्याशीच पुटपुटल्यासारखी."

कारखानिसांना आठवलं. मागच्या आठवड्यात बँकेतल्या नव्या मशीनपुढे एक म्हातारी नुसतीच उभी होती. 'समोर लिहिलंय की आजी, वाचा ना,' असं तेच म्हणाले होते. रांग हसली होती. दुसऱ्या दिवशी चांगुणाबाईंचा खातं बंद करायचा अर्ज आला होता.

त्यांनी दुसरं कार्ड घेतलं. कोपऱ्यावर अंगठा ठेवला. काही लागेना. डोळे मिटून पुन्हा फिरवला... बारीकशी रेघ लागली.

"असे साठ खण आहेत, काका," ते हलकेच म्हणाले. "सगळे कोपरे पुन्हा शोधायला किती दिवस लागतील?"

काकांनी वालाची टोपली जवळ ओढली.

"मला बत्तीस वर्षं लागली... तुम्ही जरा घाई करा. माणसं थकलीयत."