घंगाळ तळ्यावरचा अंतरपाट

तळ्याकडे येताना वळणावर लोखंडी पाटी लागली, ती तुम्ही वाचलीच असेल. 'दोन उभे पाषाण. काळ अज्ञात.' लिहिणाऱ्याने ते अजाणता लिहिले असावे, पण या जागेविषयी याहून खरे वाक्य कोणी लिहिलेले नाही.

हे समोर दिसतात तेच ते पाषाण. पूर्वेकडचा बाईमाणसाएवढा, मान किंचित कललेली. पश्चिमेकडचा त्याहून हातभर उंच, खांद्यात रुंद. दोघांमध्ये दीड हाताचे अंतर, आणि त्या अंतरात बांबूला बांधलेली ही दोन कापडे, एक रेशमी आणि एक जाडेभरडे. तळ्याच्या मध्यावर हिरवट असे जे काही तरंगते आहे, ते कमळाचे पान नव्हे. ती तांब्याची वाटी आहे. बुडेल म्हणून वाट पाहू नका. तुमच्या आधी पुष्कळांनी पाहून झाली आहे.

फार पूर्वी इथे तळे नव्हते, असे सांगतात. नुसता खोलगट माळ होता आणि माळाच्या कडेला घटेश्वराचे देऊळ. देव एक, पिंड एक, गुरवही एकच. तरी गावात पंथ दोन होते. एक पंथ उगवत्यांचा. सूर्य वर आल्याशिवाय दिवस सुरू होत नाही, त्याआधी केलेली पूजा आदल्या दिवसाच्या नावावर जाते, असे त्यांचे म्हणणे. दुसरा पंथ झुंजुरक्यांचा. पूजा झुंजुरक्यातच, म्हणजे उजाडण्याआधीच उरकली पाहिजे. एकदा सूर्य वर आला की देवाला जगाचे व्याप लागतात, मग तो कोणाचे ऐकत नाही, असे त्यांचे म्हणणे. मधल्या एवढ्याशा वेळेपायी गावाने तीन पिढ्या डोकी फोडून घेतली. ज्या वर्षी ही गोष्ट घडली, त्याच्या आदल्या वर्षी चाळीस घरे जळाली होती. देवाने कोणत्या वेळी कोणाचे ऐकले, याची नोंद नाही.

तेव्हा वेळ मोजायची ती वाटीने. तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी पाणी भरलेल्या घंगाळात सोडायची. हळूहळू पाणी चढून ती बुडली की एक घटका झाली, म्हणजे आपली चोवीस मिनिटे. दोन्ही पंथांचे मठ वेगळे आणि मठांच्या वाट्याही वेगळ्या होत्या, आणि त्या एकाच वेळी कधी बुडत नसत. उगवत्यांची वाटी म्हादोबा घटक्याच्या घरात राखली जाई. म्हादोबाचे डोळे अधू झाले, तेव्हापासून वाटीपाशी त्याची लेक लखाई बसे. वाटीवरची नजर काढायची नाही आणि वाटीला बोट लावायचे नाही, हे दोन नियम तिला बोलता येण्याआधी शिकवले होते म्हणे.

झुंजुरक्यांची वाटी मैराळ तांबटाने घडवलेली होती. चाळीस घरांत त्याचेही एक होते. घर जळाल्यावर तो भांडायला न जाता सरळ लखाईच्या ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, "तुमची वाटी पुढे, आमची मागे. दोन्ही वितळवून एकच करून देतो. मग भांडायला काय उरतं?"

लखाईने वाटीवरची नजर न काढता सांगितले, "माणसं उरतात. पण करून बघ."

दोन्ही मठ कबूल झाले. जळायला घरे फारशी उरली नव्हती, हे त्याचे कारण असावे. पण मैराळाने दोन्ही वाट्या एका मुशीत घातल्या, तर तांबे वितळूनही एकमेकांत मिसळेना. तेल आणि पाणी राहावे तसे तांब्याचे दोन गोळे मुशीत वेगवेगळे राहिले. तेव्हा म्हादोबा म्हणाला, की हे मठांच्या विस्तवाचे काम नाही. जोगिणीच्या डोंगरावरचा निखारा आणला पाहिजे.

ती जोगीण कोणत्याच पंथाची नव्हती, म्हणून तिच्या डोंगरावर जाणे दोन्ही पंथांना निषिद्ध होते. या एका बाबतीत त्यांचे एकमत होते. लखाई आणि मैराळ तरीही गेले. पाठीवर उगवत्यांचे दगड आणि झुंजुरक्यांच्या शिव्या घेऊन गेले, असे सांगतात. वर गुहेत लाकूड नाही, तेल नाही, आणि विस्तव मात्र जगाच्या आरंभापासून जळतो आहे. जोगिणीने मडक्यात निखारा घालून दिला आणि दोन गोष्टी सांगितल्या. हा निखारा बोलण्यावर जगतो. वाटेत दोघे गप्प बसलात की विझला. आणि दुसरी गोष्ट: "यावर घडवलेलं तांबं ऐकतं. ऐकलेलं विसरत नाही. म्हणून त्याला एकदाच सांगा, आणि एकानंच सांगा."

डोंगर उतरायला दोन दिवस लागले. ते दोन दिवस ती दोघे अखंड बोलत होती. आधी घटका आणि मुशी, मग लहानपण, मग चाळीस घरे, मग एकमेकांचे दोष, आणि सगळे संपल्यावर वाटेतल्या झाडांची नावे. लखाईने जन्मभर वाटीकडे पाहत गप्प बसण्याचे काम केलेले. आपल्याजवळ एवढे बोलणे साठलेले आहे, याचे तिलाच नवल वाटले. खाली येईपर्यंत दोघांचे घसे बसले होते आणि निखारा लालबुंद होता. म्हादोबाने दोघांकडे पाहिले आणि म्हणाला, की दोन दिवस सतत बोलून ज्यांना एकमेकांचा कंटाळा आला नाही, त्यांचे लग्न लावून द्यावे. असा योग पुन्हा येत नसतो.

तांबे मिसळले. नवी वाटी झाली. तिच्यावरचा पहिला मुहूर्त या दोघांच्या लग्नाचा धरायचा ठरले, म्हणजे वाटीही एक आणि पंथही एक. मुहूर्त कोणता, यावर एकवीस दिवस सभा चालली. शेवटी तोड निघाली ती अशी: सूर्याची कोर दिसेल नेमक्या त्याच क्षणी वाटी बुडेल अशा बेताने ती पाण्यात सोडायची. आधी नाही, नंतर नाही. वाटी बुडाली की अंतरपाट खाली.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी वाटी देवळात ठेवली. दोघांनी तिच्यापुढे बसून एकमुखाने एकच वाक्य सांगितले, "तू बुडेपर्यंत आम्ही पाटावरून हलणार नाही." कोणी धमकावले, ओढले, दगड मारले तरी लग्न मोडू नये, एवढाच त्यांचा हेतू. जोगिणीने सांगितलेले एक वाक्य इथे संपले. पण तांब्याला कान आहेत ही बातमी गावभर झाली होती. अशा गावात दुसरे काही पसरो न पसरो, बातमी पसरते.

दुपारी उगवत्यांचे तेजगिरी महाराज फुले वाहायला आले. लखाई कोपऱ्यात घंगाळ घासत होती. वाटी राखणारी पोर त्यांच्या लेखी घंगाळाची तिसरी कडी, म्हणून त्यांनी तिच्याकडे पाहिलेही नाही. वाटीवर वाकून ते पुटपुटले, "सूर्य वर येईपर्यंत बुडू नकोस." एक केसभर का होईना, लग्न सूर्योदयानंतर लागावे आणि पंथाचा शब्द राहावा, एवढेच त्यांना हवे होते.

लखाईचा हात थांबला. सांगावे तर तह मोडणार, रात्र व्हायच्या आत पुन्हा कोणाचे तरी छप्पर पेटणार. आणि आपल्या महाराजांनी कपट केले, हे मैराळाला कोणत्या तोंडाने सांगायचे? केसभर उशीर झाला तर काय बिघडते, असे तिने स्वतःला समजावले आणि पुन्हा घंगाळ घासायला घेतले. डोंगरावर दोन दिवस तिने काहीही दडवले नव्हते. हे पहिले.

दिवेलागणीला मैराळ चिंच घेऊन वाटी उजळायला आला, तेव्हा त्यानेही काही ऐकले. तेही त्याने सांगितले नाही. कारणही तेच होते.

पहाटे दोघे माळाच्या उंच कडेला पाटांवर उभी राहिली. मध्ये अंतरपाट. खाली माळावरच्या घंगाळात वाटी सोडली. मंगलाष्टके दोन्ही मठांनी एकाच वेळी वेगवेगळ्या चालींत म्हटली, त्यामुळे त्यातले काही कोणाला कळले नाही. पूर्व उजळली. वाटी काठोकाठ भरली आणि तशीच तरंगत राहिली. लखाईला त्याचे काही वाटले नाही. तिला ते ठाऊकच होते. मग सूर्याची कोर दिसली. मग अर्धा सूर्य. मग सगळा. वाटी तिथेच.

लखाई कापडाला तोंड लावून हळूच म्हणाली, "मैराळा, काल वाटीपाशी काय ऐकलंस?"

पलीकडून तो म्हणाला, "आमचे निशानाथ महाराज आले होते. सूर्य वर आल्यावर बुडू नकोस म्हणाले. मला वाटलं, थोडं आधी लागेल लग्न. तुला कशाला सांगायचं."

"आमचे म्हणाले, सूर्य वर येईपर्यंत बुडू नकोस."

दोघांनी दोन अर्धी वाक्ये शेजारी ठेवून पाहिली. सूर्य येण्याआधी बुडायचे नाही, आल्यावर बुडायचे नाही. मध्ये काहीच उरत नव्हते. लखाईने पाय उचलून पाहिला. तो पाटावरून उचलला गेला नाही.

पुढचे सगळे तिने मान कलती करून पाहिले. आधी म्हादोबाने जन्माचा नियम मोडून दोन्ही हातांनी वाटी तळाशी दाबली. हात काढताच ती वर आली, पहिल्यासारखी काठोकाठ भरलेली आणि तरंगती. मग सभेने विचार केला, की वाटी बुडत नाही म्हणजे पाणी कमी पडत असेल. उगवत्यांनी पूर्वेकडून आणि झुंजुरक्यांनी पश्चिमेकडून घागरी ओतल्या. कोणी कमी ओतल्या असे दुसऱ्याने म्हणू नये, म्हणून तीन दिवस ओतल्या. घंगाळ भरून वाहिले, खोलगट माळ भरला, देवळाच्या तीन पायऱ्या बुडाल्या आणि वाटी पाण्याबरोबर वर आली. हे तळे ते असे झाले. सभेच्या विचाराने झालेली तेवढीच एक गोष्ट गावाच्या उपयोगी पडली.

लेकीकडून दोन्ही महाराजांची वाक्ये कळल्यावर म्हादोबा त्या वयात डोंगर चढला. जोगिणीने उपाय सांगितला: ज्या दोन महाराजांनी सांगितले, त्यांनीच आपला शब्द परत घ्यावा, पण दोघांनी एकाच क्षणी. एका श्वासाचे जरी अंतर पडले, तरी तांबे ते नवे सांगणे धरील. म्हादोबा धापा टाकत आला आणि महाराजांच्या पायांवर पडला. हे इतके सोपे निघाले, की लोकांना हायसे वाटले. दोन्ही महाराज तयार झाले. प्रश्न एवढाच उरला, की क्षण कोणता?

तेजगिरी म्हणाले, सूर्य वर आल्यावरचा. निशानाथ म्हणाले, येण्याआधीचा. कोणी सुचवले, की वाद नको, वाटीने घटका मोजा आणि ती बुडेल त्या क्षणी दोघांनी बोला. यावर सभेत पुष्कळांनी माना डोलावल्या. मग कोणाच्या तरी लक्षात आले, आणि सगळे तळ्याकडे बघत राहिले. गावात वाटी एकच होती. ती त्यांनीच एक करून घेतली होती.

पाटावरच्या दोघांचे पाय तोवर घोट्यांपर्यंत दगड झाले होते. डोंगरावरून खाली येईपर्यंत निखारा जगवायला जसे बोलत होते, तसे ते आता पुन्हा बोलू लागले. मधल्या एका दिवसाची कसूर भरून काढल्यासारखे बोलले, असे सांगतात. सकाळी सूर्य लखाईच्या पाठीशी असे आणि तिची सावली कापडावर पडे. ती मैराळ पाही. संध्याकाळी त्याची सावली पडे. ती लखाई पाही. नवव्या दिवशी दगड गळ्याशी आला.

"झाडांची नावं सांग," ती म्हणाली.

"पळस," मैराळ म्हणाला. "अंजन. धावडा. पुढचं तू."

पुढचे तिला सांगता आले नाही.

म्हादोबा अंतरपाट काढायला गेला, तर दोन्ही पंथांनी त्याचे हात धरले. म्हाताऱ्या, लेकीचे लग्न बिनमुहूर्ताचे लावतोस का, असे त्याला विचारले म्हणे. तेव्हा त्याने दुसरे केले. बाजारात मिळेल तेवढे विरळ कापड आणले, सावली आरपार दिसेल असे, आणि जुने कुजायच्या आत दर वर्षी स्वतः बदलत राहिला. दगडाला दिसते का, असे कोणी विचारले तर तो कापडाच्या गाठी पुन्हा तपासून पाही.

तो गेल्यावर हा मान मठांकडे आला. उगवत्यांनी आणले रेशीम, म्हणून झुंजुरक्यांनी आणले दुहेरी विणीचे जाड कापड, वाऱ्यापावसाला टिकावे असे. श्रद्धेत कोणी कमी पडले, असे म्हणता येणार नाही.

आजही लग्नाच्या त्या तिथीला दोन्ही मठांची माणसे इथे येतात. झुंजुरके उजाडण्याआधी येऊन आपले कापड बांधतात, महाराजांचा शब्द परत घेतो म्हणतात आणि निघून जातात. उगवते सूर्य वर आल्यावर येतात, आपले कापड बांधतात, तेच म्हणतात. वाटेत भेटले तर एकमेकांना रामराम करतात. आता भांडण राहिलेले नाही. एक कापड काढा, असे मी पुष्कळदा सुचवून पाहिले. दोघेही तयार आहेत, दुसऱ्याचे काढायला.

लखाईची मान लाजेने कललेली आहे, असे इथे येणारी नवी जोडपी म्हणतात. तसे काही नाही. ती वाटीकडे पाहते आहे. घटक्यांची लेक, नजर काढायची नाही हे तिला शिकवलेले आहे. आता थोड्या वेळात ऊन उतरेल आणि मैराळाची सावली कापडावर पडेल. इकडे या, लखाईच्या बाजूला उभे राहा आणि स्वतःच पाहा.

पलीकडचे काहीही दिसत नाही.