बेतालाचा पूल

खडकुंब्याच्या ओढ्यावर दोन पूल आहेत. खालच्या अंगाला सरकारी सिमेंटचा, त्यावरून एसटी जाते. वरच्या अंगाला, दरी जिथे अरुंद होते तिथे, तारदोरांना टांगलेला फळ्यांचा. सिमेंटचा पूल रुंद आहे, मजबूत आहे, आणि लग्नाचे वऱ्हाड त्यावरून कधीही जात नाही. वऱ्हाड जाते झुलत्या पुलावरून. पहिल्या फळीवर पाय पडला की हलगीवाला आपली हलगी उतरवून नवरदेवाच्या गळ्यात घालतो. पलीकडच्या काठापर्यंत ती नवरदेवाने वाजवायची, आणि वाईट वाजवायची. जितकी वाईट, तितका संसार सुखाचा. चुकून ताल जमला, तर बायका कपाळाला हात लावतात.

हा झुलता पूल माझ्या आजोबांनी, हैबती शेलारांनी बांधला. दुसऱ्या महायुद्धात ते फौजेच्या इंजिनियर पलटणीत हवालदार होते. याहून जास्त घरात कुणाला ठाऊक नव्हते, आणि ते माझ्या जन्माआधीच वारले. परदेशी शिकत असताना सुट्टीच्या दिवशी तिथल्या युद्धसंग्रहालयात बसून मी त्यांच्या पलटणीचा माग काढला. ब्रह्मदेशाच्या जुन्या नकाशांवर तिने बांधलेले पूल सापडले. आज त्यांतला एकही उभा नाही. मग मी ठरवले, परत जायचे, आजोबांचा पराक्रम गावापुढे मांडायचा आणि पुलाशी त्यांच्या नावाची शिळा बसवायची. गावात आल्यावर हा बेत ज्याला सांगितला त्याने एकच सांगितले : आधी धोंडीआबाला विचार.

धोंडीआबा सकटे नव्वदीला टेकले आहेत. त्यांचे वडील राणू सकटे म्हणजे पंचक्रोशीत नाव असलेले हलगीवादक. पूल बघायला येणाऱ्यांना त्याची कथा आबाच सांगतात, अलीकडच्या काठावरच्या चिंचेखाली बसून. मलाही त्यांनी पाहुणी समजूनच सांगितली. फक्त आधी म्हणाले, "शेलाराची ना तू? मग मधी बोलायचं न्हाई."

कथा अशी.

ब्रह्मदेशात फौज माघारी फिरली, तेव्हा हैबती शेलाराची पलटण सगळ्यांच्या मागे असे. नदी लागली की पूल बांधायचा, फौज पार झाली की तोच पूल सुरुंग लावून उडवायचा, म्हणजे मागून येणाऱ्या शत्रूला मिळू नये. आपल्या हातांनी उभे केलेले आपल्याच हातांनी मोडायचे. शेवटच्या पुलाची वात पेटवताना हैबती म्हणे खंडोबाला नवस बोलला : देवा, जिता घरी पोचव, मग असा एक पूल बांधीन की तो मोडायची पाळी माझ्यावर येणार नाही.

देवाने आपला शब्द पाळला. हैबती घरी आला. आता उरला त्याचा.

तेव्हा या ओढ्यावर काहीच नव्हते. पावसाळ्यात पलीकडची मानेवाडी चार महिने तुटलेली असे. त्या वाडीतल्या तुळशीराम मान्यांच्या गोदेला हैबतीने मागणी घातली. मुलगा फौजेतला, अंगाने धट्टाकट्टा; तुळशीरामांना पसंत होता. पण त्यांनी विचारले, पंचमीला लेक माहेरी कशी यायची, पोहत? हैबती म्हणाला, पूल बांधतो. यावर मानेवाडी आठवडाभर हसली, असे सांगतात. कारण फौजेत जाण्याआधी हैबतीने बांधलेला गोठा सगळ्यांनी पाहिला होता. त्या गोठ्यातून गाय दाराने कमी आणि भिंतीतून जास्त ये-जा करायची.

तुळशीरामांनी अट घातली. वऱ्हाड पुलावरून वाजतगाजत आले, तर अक्षता. आणि हलगी मध्येच थांबली तर तो अपशकुन. तिथूनच माघारी फिरायचे. माघारी फिरण्याचा हैबतीला कंटाळा आला होता.

युद्ध संपल्यावर फौजेने भंगारात काढलेले तारदोर त्याने बैलगाडीतून आणले. काठांवरच्या खडकात खुंट्या ठोकल्या, फळ्या बांधल्या. पहिल्यांदा माणूस जायला धजेना, म्हणून एक शेळी सोडली. शेळी पलीकडे गेली आणि मान्यांच्या शेतातून परत यायलाच तयार होईना. गावाने तो शुभशकुन धरला, तुळशीरामांनी नुकसान.

लग्नाच्या दिवशी सगळा खडकुंबा पुलाशी जमला. पुढे राणू सकटे, मागे लेझीमवाली पोरे, त्यांच्यामागे नवरदेव आणि वऱ्हाड. पलीकडे तुळशीराम नारळ घेऊन उभे. राणूने हलगीवर काडी टाकली, आणि ती अशी वाजली की लंगड्याचाही पाय तालात पडावा. लेझीमवाल्यांचे पाय एकदम उठले, एकदम पडले. मध्यावर येईतो पूल पाळण्यासारखा हलू लागला. पोरांना वाटले रंग चढला. त्यांनी पाय अजून जोरात आपटले. तारा करकरू लागल्या.

हैबतीला घाम फुटला. फौजेने पहिल्याच दिवशी शिकवलेली गोष्ट तो लग्नाच्या गडबडीत विसरला होता : पुलावर पलटण कधी एका चालीने नेत नाहीत. सगळे पाय एकदम पडले की पूल झोक्यासारखा वाढत जातो, आणि मग तुटतो. सुरुंग लागतच नाही.

तो धावत पुढे गेला. राणूला म्हणाला, ताल मोड. राणू न थांबता म्हणाला, "हवालदार, ह्या हातानं आजवर ताल मोडला न्हाई. बुडू, पर तालात बुडू."

थांबव म्हणावे तर लग्न मोडते, चालू ठेवावी तर पूल. तेव्हा हैबतीने, बाशिंगासकट, राणूच्या गळ्यातली हलगी काढून आपल्या गळ्यात घातली. त्या काळी शेलाराच्या नवरदेवाने सकट्याची हलगी गळ्यात घालायची, हे कुणी स्वप्नात पाहिले नव्हते. वऱ्हाडातले दोन म्हातारे तिथेच खाली बसले. आणि हैबती वाजवू लागला.

इथे आबा थांबले. वडिलांनी जे सोसले ते सांगायला त्यांना जड जात होते.

"तुझा आज्जा पूल ब्येस बांधायचा, पोरी," ते म्हणाले. "पर हलगी... पत्रा वाऱ्यावर बडवावा तशी. माझ्या बापानं कान झाकलं व्हतं."

त्या वाजवण्यावर कुणाचेही दोन पाय एका वेळी पडेनात. लेझीमवाले एकमेकांत अडकले, वऱ्हाड वाकडेतिकडे लटपटत निघाले, आणि पूल हळूहळू शांत झाला. हलगी मात्र थांबली नव्हती. तुळशीरामांना वाटले, साहेबाच्या मुलखात अशीच वाजवत असतील. त्यांनी मुकाट नारळ फोडला. गोदा मुंडावळ्यांआड हसली, ती म्हणे मंगलाष्टके संपेपर्यंत. पुढे दर पंचमीला ती याच पुलावरून माहेरी गेली.

आबांनी शिळेबद्दल विचार करून सांगतो म्हटले. मग त्यांच्याच नातवाचे, तेजसचे लग्न आले. सकट्यांच्या घरात ही रीत म्हणजे दरवेळी संकट. तेजसने वाईट वाजवायचा खूप सराव केला होता. पण पुलाच्या मध्यावर रक्ताने दगा दिला आणि हात तालात पडला. पोरांचे पाय उठले. फळ्या हलू लागल्या. नवऱ्याकडच्या बायकांत मी होते. माझ्या हातातले ताट उडाले. अलीकडच्या काठावरून आबांचा आवाज आला, "शेलाराच्या पोरीला दे."

हलगी माझ्या गळ्यात आली. मी अगदी मनापासून, जमेल तितकी नीट वाजवली.

पूल लगेच शांत झाला.

परत आल्यावर आबांनी माझा हात हातात घेऊन उलटसुलट पाहिला. म्हणाले, "शिळा कशाला पायजे? हवालदाराचाच हात हाय."

आजही सकट्यांच्या घरी लग्न निघाले की पहिली अक्षत देवाला जाते आणि दुसरी आमच्या घरी, सोबत हलगी. फळ्या कितीदा बदलल्या, तारदोरही नवे आले. पण खडकुंबा सांगतो की पूल तोच आहे, आणि तो मोडायची पाळी शेलारांवर अजून आलेली नाही.