कासाराच्या हाताचा घसारा

धंद्यातलं मला जेवढं कळतं, तेवढं पंचक्रोशीत कुणाला कळत नाही. शाळा सातवीत सोडली, तरी.

म्हणजे शाळेनेच मला सोडलं. मास्तरांच्या खुर्चीला काकवी लावली होती. मुंग्या आल्या, मग मास्तर आले, मग मी घरी आलो.

तर असा मी, नेमू कासार. भैरोबाच्या देवळासमोरच्या ओट्यावर बांगड्यांची पेटी घेऊन बसतो. त्या दिवशी दुपारी पेटीसमोर एक पोरगी येऊन बसली आणि एकदम म्हणाली,

“आबा, मागणी म्हणजे काय?”

“का गं, तुला आली की काय?”

“तशी नाही हो! बाजारातली.”

ही पोस्टमन साळुंख्यांची चैत्राली. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. मांडीवर वही, वहीत एक छापील कागद.

कागदाची गोष्ट तिनेच सांगितली. कॉलेजचा हुकूम होता: एखाद्या व्यापाऱ्याकडे पाच दिवस बसा, धंदा शिका, आणि तो शिकवायला तयार आहे अशी त्याची सही आणा. मुदत उद्याची. बाकीची मुलं मोबाइलच्या दुकानात गेली, गारव्याला. हिला भैरोबाच्या जत्रेत माझ्याशेजारी बसायचं होतं. बांगड्या भरायला शिकायचं होतं.

“मोबाइलवाल्याकडे का नाही गेलीस?”

“तिथं खोकी विकतात. तुम्ही माल गिऱ्हाइकाच्या अंगावर चढवून देता. असं अजून कोण करतं?”

“चपलांचा दुकानदार.”

ती हसली. पण कागद पुढे सरकवलाच.

आता माझी अडचण ऐका. तिला सांगितली नाही, तुम्हाला सांगतो. सूनबाईने बजावलं होतं, यंदा जत्रेच्या गर्दीत एकट्याने बसायचं नाही. सोबत कुणी मिळालं तर बसा, नाहीतर पेटी माळ्यावर. आमची ही सून, पद्मल, एकदा म्हणाली की म्हणाली. म्हणजे पोरीला माझी सही हवी होती, आणि मला पोरगी.

म्हणून मी ठरवलं, हिला पिटाळून लावायचं.

अहो, पन्नास जत्रा एकट्याने केल्यात. आता पोस्टमनची पोर शेजारी बसवली तर लोक काय म्हणतील? नेम्या थकला.

“सहीचं नंतर बघू,” मी म्हणालो. “आधी तुझे शब्द ऐकव. काय शिकवतात तुम्हाला, कळू दे तरी.”

ती ताठ बसली.

“मागणी म्हणजे नुसती इच्छा नव्हे. इच्छा पाहिजे आणि ऐपतही पाहिजे.”

“आणि नवरा नको म्हणत असेल तर?”

ती पेन्सिलीचं टोक चावायला लागली.

“लिही. इच्छा, ऐपत, आणि नवरा घरात नसणे.”

मला वाटलं, चिडेल. तिने लिहून घेतलं.

“पुढचा शब्द?”

“लक्ष्य ग्राहक. आपला माल नेमका कुणासाठी आहे, ते आधी ठरवायचं. तुमचा कोण?”

“लग्नघरातली आत्या.”

“नवरी नाही?”

“नवरी भरेल तेवढं भरेल. आत्या रुसली, की तिला खूश करायला अख्खं घर माझ्या ओट्यावर येतं.”

“आणि स्पर्धक? म्हणजे तुमचं गिऱ्हाईक पळवणारा?”

“घड्याळ.”

“घड्याळ?”

“बाईच्या एका मनगटावर घड्याळ चढलं, तेव्हा माझा अर्धा धंदा बसला.”

तिने गुपचूप डाव्या मनगटावरचं घड्याळ काढून पिशवीत टाकलं. मी बघितलं नाही असं दाखवलं.

खरं सांगू? मलाच मजा यायला लागली होती. जे मी जन्मभर नुसतं करत आलो, त्याला नावं होती! घरातल्या मांजराचं आडनाव कुणीतरी येऊन सांगावं, तसं झालं मला.

“आणखी सांग, आणखी.”

“नावलौकिक. तुमच्या नावावर लोक येतात, तो.”

“आहे की. एक पोरगी लग्न होऊन पुण्याला गेली. तिकडे दुकानं कमी आहेत का? तरी तिने पाकिटातून सुतळीचा तुकडा पाठवला, मनगटाच्या मापाचा. पाकीट तुझ्या बापानेच आणून दिलं.”

“तोच! आबा, दुकान विकताना नावलौकिकाचीही वेगळी किंमत घेता येते.”

“म्हणजे नाव विकायचं?”

“एका अर्थी.”

“मग नंतर बायको मला हाक काय मारणार?”

तिची पेन्सिल थांबली. मग “सरांना विचारते,” म्हणाली, आणि तेही लिहिलं. अशी पोरगी पिटाळायची कशी?

“पुढे?”

“जोखीम. नुकसान झालं तर ते कुणी सोसायचं, हे ठरलेलं असतं. तुमच्यात बांगडी फुटली तर…”

“श्श! फुटली म्हणायचं नाही. वाढवली म्हणायचं.”

“तोटा झाला तरी वाढवली?”

“तरी.”

“हे आमच्या पुस्तकात नाही.”

“पुस्तक लिहिणाऱ्याने कधी बांगड्या भरल्या असतील का? आमचा नियम साधा आहे. बाईचा हात माझ्या हातात असताना वाढवली, तर माझी. ती पायरी उतरली, मग तिची.”

“म्हणजे जोखीम विकणाऱ्याची. असं का पण?”

“हात दाबणारा मीच ना?”

तिने वहीत ‘हात दाबणारा’ लिहून खाली रेघ ओढली. मग पान उलटलं. थांबली. आणखी एक उलटलं.

“मधलं एक खाल्लंस.”

“ते नको, आबा. अवघड आहे.”

“मग तेच पाहिजे.”

“… घसारा.”

“म्हणजे?”

“यंत्र वापरलं की झिजतं. म्हणून दरवर्षी त्याची किंमत थोडी कमी धरायची.”

“आणि शेवटी?”

“शेवटी भंगारात जे येईल ते.”

“हाताला लावतात का?”

तिने मान खाली घातली.

“हाताला नाही. मालमत्तेला लावतात.”

“मग माझी मालमत्ता कुठली? ही पेटी? हिला कडीसुद्धा नाही.” मी दोन्ही पंजे तिच्यापुढे धरले. “हे माझं यंत्र. लाव घसारा. किती उरलं, सांग.”

ती पंजांकडे बघत राहिली.

“सांग की.”

असं कुणी बघितलेलं मला आवडत नाही. चेष्टा करणाऱ्याकडे लोकांनी हसून बघावं. मी पंजे मागे घेतले.

“बरं, राहू दे ते. एखादी लांबलचक व्याख्या म्हण. पाठ केलेली असते ना, तसली.”

“विपणनाची म्हणू? म्हणजे मार्केटिंगची?”

“म्हण. आणि डावा हात दे इकडे. माप बघून ठेवतो.”

तिने हात दिला आणि सुरू केलं.

“विपणन म्हणजे ग्राहकाच्या गरजा ओळखणे…”

मी तिचा अंगठा तळव्यात वळवला. हात दोन-सहाचा होता. पेटीतून काढल्या एक माप लहान, दोन-चारच्या. हिरव्या.

हा माझा जुना खेळ. बाईला बोलण्यात गुंतवायचं. माहेर कुठलं, पापड झाले का, धाकटी जाऊ बोलते का. जावेचा विषय निघाला की बाईला हाताचं भान राहत नाही. तेवढ्यात बांगडी मनगटात.

“… त्या गरजा भागतील अशी वस्तू तयार करणे…”

पहिली गेली. पोरीची पापणी लवली नाही.

“… योग्य किंमत ठरवून ती योग्य वेळी, योग्य ठिकाणी उपलब्ध करून देणे…”

दुसरी गेली.

तिसरीला माझी बोटं अडखळली. वारा सुटला होता, दुसरं काही नाही. व्याख्या मात्र संपत आली होती. मी मनात म्हटलं, आता ही गप्प बसणार आणि हाताकडे बघणार.

“आबा, याचे चार घटकही असतात. ते म्हणू?”

“म्हण, म्हण.”

“वस्तू. किंमत. जागा. जाहिरात. वस्तू म्हणजे नुसता माल नव्हे…”

तिसरी गेली.

चौथी अंगठ्याच्या हाडापाशी अडली. पुढे जाईना, मागे येईना. मी श्वास धरला. काच अशा वेळी एक बारीक आवाज करते, तो कासारालाच ऐकू येतो. पोरगी मात्र आता सावकाश बोलत होती. एकेक शब्द ताणून, पहिलीच्या वर्गातल्या बाईंसारखं.

“जाहिरात… म्हणजे नुसती पाटी नव्हे, आबा. समोरच्याला काय वाटतंय… ते ओळखून… त्याच्या कलाने…”

चौथी गेली.

मी हात सोडला आणि टाळीच वाजवली.

“बघ!”

तिने मनगट वर केलं. चार हिरव्या बांगड्या किणकिणल्या.

मला तर जोरच चढला.

“दोन-सहाच्या हातात दोन-चार! एकही वाढवली नाही, आणि तुला पत्ता नाही! याला काय म्हणतात तुझ्या वहीत?”

तिने वही चाळली. खरोखर चाळली.

“याला शब्द नाही.”

“मग? ज्याला शब्द नाही, ते पाच दिवसांत कसं शिकणार तू? जा, मोबाइलवाल्याकडे जा. पोरी, समोरच्याला बोलतं ठेवायचं आणि दुखलेलं कळू द्यायचं नाही, एवढाच आमचा धंदा. पन्नास जत्रा लागतात त्याला.”

वाक्य झकास जमलं होतं. मी पेटीचं झाकण लावलं, आणि ती उठायची वाट बघत बसलो.

ती उठली नाही.

तिने तो कागद झाकणावर ठेवला. वाऱ्याने उडू नये म्हणून वर पेन्सिल ठेवली. मग डाव्या हाताचा अंगठा उजव्या हाताने चोळला. हाडापाशी तो चांगला लाल झाला होता.

“आबा, दुसरीपासूनच दुखत होतं,” ती म्हणाली. “तुमचा हात थरथरायला लागला, म्हणून मी बोलत राहिले.”