बांबूचं माप आणि आईचा जीव

डोंगराखालच्या एका गावात सुपं-टोपल्या विणून पोट भरणारी एक बाई होती. तिला बारा वर्षांची एक लेक. बांबूच्या कामट्या काढाव्यात तर त्या लेकीनेच, एकीसारखी एक! पण समोरचं माणूस हसतंय की रडतंय, याचा तिला पत्ता नसायचा.

एकदा कुंभारीण रडत आली. तिचा सासरा गेला होता. तिरडीला बांबू हवे होते.

लेक म्हणाली, "निजवून माप घेतलंत का? म्हातारी माणसं वाकलेली असतात, मेल्यावर लांब होतात."

"अगं ए! माणूस गेलंय आमचं, आणि तुला मापं सुचतात? सांगतेच गावात, या दारी कुणी जाऊ नका!"

आईने कपाळावर हात मारला. "घोडी झालीस, आणि बोलायची अक्कल दोन वर्षांच्या पोराएवढी! उद्या मी नसले तर तुझ्याकडे कोण येईल गं? आजपासून कोयत्याला हात लावायचा नाही. आधी बोलायला शीक."

लेक बिचारी आईने शिकवलेली वाक्यं बसून घोकायला लागली. चार दिवसांनी एक जण लग्नाची सुपं न्यायला आला, तर ही त्याला म्हणते, "फार वाईट झालं हो."

"देवा, उचल रे मला!" आई ओरडली. काम बंद झाल्यापासून पोरगी जेवेना, जरा बोललं की भोकाड पसरी. होतं ते शहाणपणही गेलं.

महिन्याभराने लोहाराचा म्हातारा बाप वारला. या वेळी आई स्वतः पुढे झाली. लोहाराबरोबर पोटभर रडली, त्याला पाणी दिलं, डोळे पुसत अंदाजाने बांबू तोडून दिले.

घटकाभरात लोहाराचा भाऊ धावत आला. "वहिनी, बांबू हातभर तोकडे पडले! सगळं गाव दारात उभंय!"

म्हातारा जन्मभर वाकून चालायचा. आईने निजवलेलं माप विचारलंच नव्हतं.

लेकीने न विचारता कोयता उचलला. लोहाराच्या दारी गेली, दोरीने माप घेतलं, बांबू तोडले. लोहार तिरडी बांधायला बसला, पण त्याच्याने गाठ बसेना. लेकीने त्याच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. पण हातांचं काम तिला कळायचं. तिने दोरीचं दुसरं टोक धरलं आणि गाठ बसेपर्यंत सोडलं नाही.

घरी येऊन म्हणाली, "आई, त्यांचे हात थरथरत होते. मी दोरी धरली. काही बोलायला हवं होतं का?"

आईने तिला जवळ ओढलं. "नाही गं माझे बाई. तेच बोलणं होतं."

तात्पर्य: एका डोक्यातली सगळी शहाणपणं एकाच दिवशी मोठी होत नाहीत, लेकराच्याही नाही आणि आईच्याही नाही. थोरल्या शहाणपणाला बांधून ठेवून धाकटं वाढत नाही. ते थोरल्याचं बोट धरूनच चालायला शिकतं.