होडी बोलावणारे बटण

फोनमधल्या वस्तूही बोलत असत त्या काळी, खाडीकाठच्या सगळ्यांच्या फोनमध्ये ‘होडी बोलवा’ नावाचे बटण राहायला आले. दूरच्या शहरात शिकून परतलेल्या शर्वरीने त्याला धुक्याच्या रंगाची अक्षरे आणि केसाएवढी बारीक किनार दिली होती. बटणाला वाटले, आपल्याला पाहून लोक ‘वा!’ म्हणतील. पण भर दुपारी धक्क्यावर आलेल्या सगुणामावशीला ते दिसेचना.

डोक्यावर मासळीची पाटी, पलीकडे बाजार भरलेला, आणि मावशी फोनवर पदराची सावली धरून विचारत होती, “अगो बाय, बटण गेला खंय?”

“मी इथेच आहे!” बटण ओरडले.

शेजारी होडीत बसणाऱ्या माणसांचा आकडा लिहायची साधी, जाड काळी चौकट होती. ती खुदकन हसली. “उन्हात विरघळलास की रे राजा!”

मावशीने ओला अंगठा दोनदा टेकवला, दोनदा तो बाजूलाच पडला. शेवटी फोन कमरेला खोचून तिने हाळी दिली, “सुबल्याऽऽ, होडी घेवन ये!” पलीकडून सुबल्या नावाड्याची केशरी नाकाची होडी निघालीसुद्धा. मासळी वेळेत पोचणार होती.

“होडीचं नाक एवढं भडक का गं?” बटणाने विचारले.

“दुसऱ्या काठावरून दिसावं म्हणून,” चौकट म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शर्वरीने आपला फोन उघडताच तेच बटण म्हणाले, “ताई, मला त्या होडीसारखं रंगव. आणि चांगलं रुंद कर.”

“किती रुंद?”

बटणाला ते सांगता येईना. तेव्हा शर्वरी हसली, मोजपट्टी उचलली आणि मावशीचा अंगठा मोजायला धक्क्याकडे निघाली.