दारावरचं पान

कॅमेऱ्यांना वाचा होती तेव्हाची गोष्ट. परसातल्या अंजिरावर पानं शिवून केलेल्या घरट्यात शिंपी पक्षीण पिलांना भरवत होती. दमयंतीबाईंनी कॅमेरा अगदी जवळ नेला.

“हे पान मधे येतंय,” कॅमेरा कुरकुरला. बाईंनी पान दोऱ्याने मागे बांधलं.

“अहो, ते आमचं दार आहे!” पक्षीण ओरडली.

“घरट्याला हातसुद्धा लावत नाही,” कॅमेरा म्हणाला.

फोटो देखणा आला. त्या आनंदात दोरा सोडायचा राहिला.

दुपारी बाईंनी फोटो मोठा करून पाहिला आणि त्या हबकल्याच. पिलांच्या उघड्या चोचींमागे, फांदीआडून, घरटी लुटणाऱ्या भारद्वाजाचा लालभडक डोळा त्या उघड्या दाराकडे रोखलेला होता.

बाई कॅमेऱ्यासकट परसात धावल्या. घरट्याचा एक टाकाही उसवला नव्हता. आत कुणीच नव्हतं.

तेव्हा कॅमेऱ्याची वाचा बसली, ती आजतागायत.