वस्तादांचा गूळ आणि कृष्णातचा दम

एकदा एक वस्ताद आपल्या तालमीतली आखाड्याची माती फावड्यानं वरखाली करत होते, आणि त्यांचा एक जुना शिष्य दारात येऊन नुसताच उभा राहिला. शिष्याचं नाव सर्जेराव. याच मातीत लहानाचा मोठा झालेला, आणि आता तालमीच्या फुटबॉल संघाचा प्रमुख. कोल्हापूरच्या वाचकाला यात काही नवल वाटणार नाही. तिथं कुस्तीचा आखाडा आणि फुटबॉलचा संघ एकाच छपराखाली नांदतात, आणि सकाळी लंगोट लावणारा मुलगा संध्याकाळी बूट घालून मैदानात उतरतो. बाकीच्यांसाठी एवढं सांगून ठेवलं, म्हणजे पुढे अडखळायला नको.

"दाराला टेकू द्यायला आलायस काय?" वस्ताद मान वर न करता म्हणाले. "आत ये, आणि काय ते बोल."

सर्जेराव आत आला, आणि आधी पायानंच माती सारखी करू लागला. विषयच तसा होता. हंगाम सुरू झाल्यापासून संघावर गोलामागून गोल चढत होते, आणि सगळे एकाच वाटेनं येत होते. बचावफळीच्या मधोमध दोन खेळाडू उभे असतात, त्या दोघांच्या मधून. प्रतिस्पर्ध्यांना ती वाट इतकी पाठ झाली होती, की चेंडू मिळाला की ते डोळे झाकून तिकडेच वळत.

या बचावफळीला शिकवायला वेगळा माणूस नेमलेला होता, कृष्णात. तोही वस्तादांचाच शिष्य, सर्जेरावाचा आखाड्यातला जोडीदार, एकाच ताटात जेवलेला. आणि मध्ये उभे राहणारे दोघे म्हणजे यासीन आणि शिवतेज. यासीन तालमीचाच, धिप्पाड आणि तापट. शिवतेज यंदाच दुसऱ्या पेठेच्या संघातून आलेला, चपळ, आणि सणासुदीला मिरवणुकीत हलगी वाजवणारा.

"कारभारी मंडळींनी निर्वाणीचं विचारलंय," सर्जेराव म्हणाला. "आज सराव संपायच्या आत एक नाव सांगायचं. शिकवणारा कमी पडतोय का खेळणारी पोरं. कृष्णात म्हटलं तर कृष्णात उद्यापासून घरी. पोरं म्हटलं तर दोघंही बाहेर बसणार, हंगामभर."

"मग सांग की. प्रमुख तू हाईस."

"तिथंच गाडं अडलंय, वस्ताद. गेल्या साली ह्याच कृष्णातनं जी बचावफळी उभी केली होती, तिच्यातनं मुंगी शिरत नव्हती. ती जोडी नोकरीला लागून बाहेरगावी गेली, शिकवणारा तोच राहिला. मग तो एका सालात कसा बिघडला? म्हणजे दोष पोरांचा. बरं, पोरांकडं बघावं तर शिवतेज गेल्या साली आमच्याच विरुद्ध असा खेळला, की मी स्वतः जाऊन त्याला मागून आणला. यासीनला तर तुम्ही ओळखता. म्हणजे दोष कृष्णातचा. रात्रभर इकडनं तिकडं कूस बदलतोय." त्याचा आवाज जरा खाली आला. "कृष्णातचं नाव घेतलं तर त्याच्या घरची पायरी मला चढवणार नाही. आणि नाही घेतलं तर लोक म्हणतील, दोस्ताला पाठीशी घातलं आणि पोरांचा बळी दिला."

वस्तादांनी फावडं भिंतीला लावलं, हात धोतराला पुसले आणि थोडा विचार करून म्हणाले, "संध्याकाळी सरावाला मी येतो. तू येताना गूळ घेऊन ये."

"गूळ?"

"गूळ. चांगला घट्ट बघून आण. भुसभुशीत नको."

आता माणूस जिवावरचं दुखणं घेऊन आला आणि वैद्यानं त्याला बाजारात पाठवलं, तर त्याला काय वाटेल? सर्जेरावाला तसंच वाटलं. पण वस्तादांना 'कशाला' असं विचारायची त्या तालमीत रीत नव्हती. तो मुकाट्यानं गुळाच्या दुकानाकडे वळला.

संध्याकाळी मैदानाच्या कडेला नेहमीची गर्दी जमली होती. सराव असला तरी त्या गावात चार जाणकार बघायला येतातच, आणि प्रत्येकाकडे संघ सुधारायची स्वतःची योजना तयार असते. वस्ताद आलेले पाहून ते सगळे जागचे उठले. वस्तादांनी कृष्णातला जवळ बोलावलं, गुळातला एक मोठा खडा फोडला आणि म्हणाले, "तोंड उघड."

कृष्णातनं उघडलं. वस्तादांनी खडा आत ठेवला, तो एवढा मोठा की दोन्ही गाल फुगले.

"चावायचा न्हाई, थुंकायचा न्हाई. विरघळेस्तोवर तोंडात धरायचा. आणि आता चेंडू सुरू करा."

सराव सामना सुरू झाला. संघाचे सगळ्यांत चांगले आक्रमक एका बाजूला आणि कृष्णातची बचावफळी दुसऱ्या बाजूला. बिचाऱ्या कृष्णातची अवस्था बघण्यासारखी झाली होती. एरवी सामना चालू असताना त्याचं तोंड क्षणभर बंद नसे. आता तो नुसता कडेनं पळत होता, हात हलवत होता, कान लाल झाले होते आणि तोंडातून 'म्म, म्म' एवढंच निघत होतं. हनुवटीवरून गुळाचा ओघळ आला तेव्हा कडेच्या जाणकारांनी एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या. हसू आवरेना म्हणून गोलरक्षक आपल्या खांबाला धरून उभा राहिला.

पण त्याला तसंही काही काम नव्हतं. चेंडू त्याच्यापर्यंत पोहोचतच नव्हता. यासीन आणि शिवतेज एकमेकांकडे बघून खेळत होते. एक पुढे गेला की दुसरा मागची जागा राखत होता. "तू थांब, मी बघतो," असं यासीन म्हणताना सर्जेरावानं स्वतः ऐकलं. आक्रमकांनी डावीकडून करून पाहिलं, उजवीकडून करून पाहिलं, मधल्या त्या ओळखीच्या वाटेनं तर पुन्हा पुन्हा करून पाहिलं. दार काही उघडलं नाही.

सर्जेरावानं मात्र बघायचं थांबवलं. उत्तर त्याला मिळालं होतं, आणि ते त्याला नको असलेलं उत्तर होतं. तो वस्तादांजवळ जाऊन हळूच म्हणाला, "समजलं, वस्ताद. कृष्णात गप्प बसला की पोरं खेळतात. मंडळींना जाऊन सांगतो."

"लई घाई तुला," वस्ताद म्हणाले. "कुस्तीतबी तशीच होती. त्याचा गूळ विरघळू दे आधी."

गूळ विरघळला. कृष्णातनं तोंड पुसलं, आणि इतका वेळ दाबून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर पडलं. पुन्हा चेंडू फिरू लागला. आक्रमक मधून येताना दिसला आणि कृष्णात सगळ्या ताकदीनं ओरडला, "दम!"

झालं. एका निमिषात बचावफळी मधून उसवली आणि चेंडू त्याच जुन्या वाटेनं जाळ्यात जाऊन बसला. कडेला एक लांबलचक सुस्कारा ऐकू आला. कृष्णातनं डोक्याला हात लावला, आणि सर्जेरावाला मित्राच्या तोंडाकडे बघवेना.

वस्ताद मात्र खुशीत दिसत होते. ते सावकाश मैदानात गेले, यासीन आणि शिवतेज दोघांना शेजारी शेजारी उभं केलं आणि म्हणाले, "एकमेकाकडं बघू नका, समोर बघा. मी आता कृष्णातसारखा ओरडणार. ऐकू आलं की जे करायचं ते करा." आणि त्या वयातही मैदान दणाणेल अशा आवाजात ते ओरडले, "दम!"

यासीन पटकन एक पाऊल मागे सरला आणि पाय फाकवून उभा राहिला. त्याच क्षणी शिवतेजनं पुढे झेप घेतली. दोघे थांबले, वळले आणि आपल्यामधल्या त्या भल्यामोठ्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले.

"तू मागं कुठं गेलास?" शिवतेजनं विचारलं.

"दम म्हणाले नव्हं," यासीन म्हणाला. "दम म्हणजे दम धर. घाई करू नको, त्याला येऊ दे. आखाड्यात मला जन्मभर हेच सांगत आलेत."

"सांगायलाच लागायचं," वस्ताद म्हणाले. "हा गडी सुटला की आवरायचा न्हाई."

"आणि आम्ही हलगी वाजवतो तिथं," शिवतेज चाचरत म्हणाला, "म्होरक्या 'दम' म्हणला की दम लावायचा. जेवढा जोर अंगात असेल तेवढा. मला वाटलं, सर मला पुढं जा म्हणतायत. मी तर दर वेळेला जीव खाऊन जात होतो."

वस्ताद कृष्णातकडे वळले. "आणि तुला काय म्हणायचं असतं रं?"

कृष्णातनं डोकं खाजवलं. "ते... वेळ बघून असतंय, वस्ताद. कधी धर, कधी लाव. गेल्या सालची जोडी माझ्याबरोबरच वाढलेली. माझ्या आवाजावरनंच त्यांना कळायचं." मग त्याचं त्यालाच उमगलं आणि तो मटकन खाली बसला. आधी त्याला हसू फुटलं, मग पोरांना, मग कडेच्या सगळ्या जाणकारांना. ज्यांना दोन महिने बोल लागत होते ते तिघं गवतावर बसून पोट धरधरून हसत होते.

सर्जेराव हसला, पण त्याला एक कोडं सुटत नव्हतं. "वस्ताद, पण हा शब्द तर तुमचाच. आम्हाला तुम्हीच 'दम' म्हणायचा. दोन्ही अर्थांनी. आमचं कधी चुकलं नाही ते?"

वस्ताद सर्जेरावाच्या मागे गेले आणि "दम" म्हणत त्यांनी आपला रुंद तळवा त्याच्या पाठीवर अलगद दाबून ठेवला. सर्जेरावाचे गुडघे आपोआप वाकले, श्वास संथ झाला, तो जागच्या जागी स्थिर झाला. मग पुन्हा "दम" म्हणून त्यांनी त्याच पाठीवर एक सणसणीत थाप दिली. सर्जेराव दोन पावलं पुढे गेला आणि हात पुढे करून पवित्र्यात उभा राहिला. इतक्या वर्षांनीही पाठ काही विसरली नव्हती. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते त्यानं लपवलं नाही.

"शब्द तुम्ही दोघं घेऊन गेलात," वस्ताद म्हणाले, "हात आखाड्यातच राहिला. आखाड्यात गडी हाताच्या अंतरावर असतो. मैदानात तो तिकडं लांब, तुमचा हात त्याच्या पाठीपर्यंत पोचत न्हाई. मग नुसता शब्द पोचतो, आणि ज्याला जसा ऐकू येईल तसा तो घेतो. सर्जेराव, कृष्णातनं काय शिकवलं ते तो गप्प असताना दिसलं. पोरांच्या पायांत सगळं होतं. शिकवणाऱ्याची पारख करायची तर तो गप्प असताना शिष्य काय करतात ते बघावं. आणि शिष्याची पारख करायची तर त्याला काय ऐकू आलं ते आधी विचारावं. तू हे दोन्ही केलं न्हाईस. जाळ्यात गेलेले चेंडू तेवढे मोजत बसलास, आणि गुन्हेगार कोण ते शोधायला निघालास."

सर्जेरावानं मान खाली घातली. बोल कडक होते, पण ते लागले नाहीत. छातीवरचं ओझं उतरल्यावर माणसाला काही लागत नाही.

इतक्यात कारभारी मंडळी आली. सराव संपला होता आणि ठरल्याप्रमाणे त्यांना उत्तर हवं होतं. त्यांच्यातल्या ज्येष्ठांनी गवतावर लोळणारा कृष्णात पाहिला, त्याच्या हनुवटीवरचा गूळ पाहिला आणि कपाळाला आठी घालून विचारलं, "मग, सर्जेराव? कमी कोण पडतंय? नाव सांगा."

"सांगतो," सर्जेराव म्हणाला. "दम."

"काय?"

"दम. त्याला उद्यापासून संघातनं काढतोय. बाकी सगळे राहतील."

मंडळींना काही कळलं नाही. कृष्णातनं त्यांना गवतावर बसवून सगळी हकीकत पहिल्यापासून सांगितली, यासीन आणि शिवतेजनं ती करून दाखवली, आणि कपाळावरची आठी कधी गेली ते ज्येष्ठांनाही समजलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मैदानावर 'धर' आणि 'लाव' असे दोन वेगळे शब्द ऐकू येऊ लागले. पुढच्या सामन्यात कृष्णात "धर" म्हणून ओरडला तेव्हा यासीन आणि शिवतेज एकाच वेळी मागे सरले, आणि ज्यांना ती मधली वाट पाठ होती ते बिचारे तिथं येऊन धडकले.

त्या संध्याकाळी मात्र मंडळी आणि जाणकार पांगल्यावर सर्जेरावाच्या हातात गुळाचा उरलेला खडा होता. "हा परत दुकानात घेणार नाहीत," तो वस्तादांना म्हणाला. "ह्याचं काय करू?"

"कृष्णातचं औषध झालं," वस्ताद चपला घालत म्हणाले. "उरला तो प्रमुखाचा."

सर्जेरावानं क्षणभर त्या खड्याकडे पाहिलं, हसला आणि तो तोंडात टाकला. मग वस्तादांच्या बरोबरीनं तो तालमीपर्यंत चालत गेला, वाटभर एक शब्द न बोलता, आणि मैदानाकडून अजून येणारं पोरांचं बोलणं ऐकत.

आपल्या घरात किंवा कचेरीत कोण कमी पडतंय हे ठरवायची वेळ आपल्यावर आली, तर एक खडा आधी स्वतःच्या तोंडात धरावा.